एकच साखर, देशोदेशी निराळी

छुम् छुम् छुम्... पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ घुंगरांचा हा आवाज कानावर आला, की उन्हाळ्यात पावलं आपोआप रसवंतीकडे वळतात. तुमचीही वळत असतील! चरकाला घुंगरं का बांधतात, माहीत आहे? पूर्वी लाकडी चरक बैल ओढायचे. बैलांच्या गळ्यातले घुंगरू वाजायचे. बैल गेले, वीज आली, पण घुंगरू राहिले, असं जुने रसवाले सांगतात. आणि पाटीवरचं नाव वाचलंत? बहुतेक ठिकाणी ‘नवनाथ’ नाहीतर ‘कानिफनाथ’. कारण रसवंतीच्या धंद्यातली बरीच मंडळी पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातली. कानिफनाथांचा गड त्यांच्या गावाजवळ आहे.

तर त्या दिवशी मी आणि सातवीतली माझी भाची असेच बाकावर बसलो होतो. आलं-लिंबू घातलेला रस आला. दोन घोट घेऊन तिनं विचारलं, “मामा, हा रस उन्हात वाळवला, तर त्याची साखर होईल?”

मी काही बोलायच्या आत रसवाले काकाच हसले. “साखर कसली, ताई! तासाभरात आंबट होईल. लवकर पिऊन टाका!”

काका अगदी बरोबर बोलले. साऱ्या जगातल्या साखरेची गोष्ट त्यांच्या त्या एका वाक्यात दडलेली आहे. कशी, ते पाहू या.

ऊस थांबत नाही!

उसाचा रस म्हणजे बहुतेक पाणीच. त्यात साखर असते शंभरात बारा ते पंधरा भाग. हवेतले सूक्ष्म जीव अशा गोड पाण्याची वाटच बघत असतात. रस नुसता ठेवला, की आंबला! बरं, ऊस तोडून तसाच ठेवला तर? तोही थांबत नाही. तोडल्या क्षणापासून त्यातली साखर कमी व्हायला लागते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो एका दिवसात गाळावा लागतो.

याचा अर्थ काय? ऊस लांब नेता येत नाही. कोल्हापूर असो की ब्राझील, साखर कारखाना उसाच्या शेताजवळच असावा लागतो. पनवेलच्या आसपास भाताची खाचरं आहेत, म्हणून इथे साखर कारखाना दिसत नाही. पण घाट चढून पुण्यापलीकडे बारामती, फलटण, साताऱ्याकडे गेलात, तर धुराडी दिसू लागतात.

आता कारखान्यात शिरू. वजनकाट्यावर वजन झालं, की ऊस गव्हाणीत पडतो. तिथून सुऱ्यांखाली त्याचे तुकडे होतात आणि लोखंडी रुळांमधून तो पिळला जातो. आपल्या रसवंतीचाच हा अगडबंब भाऊ! उरलेलं चिपाड वाया जात नाही. ते बॉयलरमध्ये जळतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेवर सारा कारखाना चालतो. रसात चुन्याची निवळी घालून तो तापवतात. गाळ खाली बसतो. मग तो रस आटवायचा. पण गुऱ्हाळातल्यासारखा उघड्या काहिलीत नाही. बंद भांड्यातली हवा काढून घेतली, की रस कमी उष्णतेवर उकळतो आणि साखर करपत नाही. एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला तापवायला वापरायची, अशी रांगच असते. या रांगेची सुधारलेली युक्ती अमेरिकेतल्या नॉर्बर्ट रिलिओ या कृष्णवर्णीय इंजिनिअरची. १८४३ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. तेव्हा त्याच्याच लुइझियाना प्रांतात त्याच्या वर्णाच्या हजारो माणसांना उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवलं जात होतं.

आटलेल्या पाकात दाणे धरू लागतात. मग गरागरा फिरणाऱ्या जाळीच्या पिंपात हा पाक टाकला, की मळी बाहेर फेकली जाते आणि दाणे आत राहतात. वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळतात ना, तसंच!

हे दाणे कसे असतात? तपकिरी. दाणा आतून स्वच्छच असतो, पण त्याच्या अंगावर मळीचा पातळ लेप असतो. हीच ती कच्ची साखर. व्यापारी तिला ‘रॉ शुगर’ म्हणतात. उसाचा रस तासाभरात आंबतो, ऊस दोन दिवसांत खराब होतो, पण कच्ची साखर मात्र जहाजात भरून पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेता येते. तिथल्या कारखान्यात ती पुन्हा विरघळवायची, रंग काढायचा आणि पांढरीशुभ्र करून विकायची. जगातला साखरेचा मोठा व्यापार या तपकिरी दाण्यावर चालतो.

“मग आपल्या वाण्याकडे कच्ची साखर का नसते?” भाचीचा पुढचा प्रश्न.

कारण आपले कारखाने मधला मुक्काम गाळून थेट पांढरी साखर करतात. रसात चुन्याबरोबर गंधकाचा धूरही सोडतात, त्यानं रंग कमी होतो. साखरेच्या पोत्यावर कधी ‘एस-३०’ किंवा ‘एम-३०’ लिहिलेलं बघा. ‘एस’ म्हणजे बारीक दाणा, ‘एम’ म्हणजे मध्यम, आणि ३० हा आकडा रंगाच्या प्रतीचा.

आता आपण जगाचा एक फेरफटका मारू. दाणा सगळीकडे सारखाच. पण तो तयार कोण करतं आणि कसा, हे मात्र देशोदेशी निराळं आहे!

ब्राझील : यंत्रांचं रान

जगात वर्षाला साधारण १८ कोटी टन साखर तयार होते. त्यातली सुमारे चार ते साडेचार कोटी टन एकट्या ब्राझीलची. म्हणजे जगातल्या चार चमच्यांतला जवळजवळ एक चमचा ब्राझीलचा! आपण बहुतेक वेळा दुसऱ्या क्रमांकावर असतो, तीन कोटी टनांच्या आसपास.

ब्राझीलचा बराचसा ऊस साओ पाउलो आणि त्याच्या शेजारच्या प्रांतांत होतो. आपल्याकडे गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तिथे तो एप्रिलमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत चालतो. आपण थांबतो, तेव्हा ते सुरू करतात!

नजर पोचेल तिथवर ऊस, आणि त्यात माणूस दिसत नाही. दिसतात ती अवाढव्य यंत्रं. एक यंत्र दिवसाला काही शे टन ऊस तोडतं. पूर्वी तिथेही माणसंच तोडत. आधी शेत पेटवून द्यायचे, म्हणजे पाचट जळून जायचं आणि साप-विंचू पळायचे. पण धुरानं आसपासच्या गावांचा श्वास कोंडायचा. २००२ साली साओ पाउलो प्रांतानं शेतं पेटवणं टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा कायदा केला. न पेटवता ऊस तोडायचा, तर यंत्र बरं! भराभर यंत्रं आली. हवा स्वच्छ झाली, पण ऊस तोडणाऱ्या मोठ्या संख्येच्या मजुरांचं काम गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथला ऊस बहुतांश पावसावर वाढतो. बरेच कारखाने एकाच उसापासून साखरही करतात आणि गाड्यांसाठी इथेनॉलही. साखरेचा भाव पडला, की इथेनॉल जास्त. भाव चढला, की कच्ची साखर जास्त आणि सांतोस बंदरातून जहाजं रवाना!

ऑस्ट्रेलिया : माथेरानच्या गाडीची बहीण

पनवेलहून दिसणाऱ्या माथेरानच्या डोंगरावर नेरळहून छोटी झुकझुक गाडी जाते. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ६१० मिलिमीटर, म्हणजे फक्त दोन फूट. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात अगदी याच मापाचे रूळ उसाच्या शेतांतून पसरलेले आहेत. थोडेथोडके नाहीत, सुमारे चार हजार किलोमीटर! त्यावरून छोटी इंजिनं उसानं भरलेल्या डब्यांच्या लांबच लांब माळा ओढत कारखान्याकडे नेतात. जून ते डिसेंबर ही गडबड चालते.

ऑस्ट्रेलियाची साखर वर्षाला ४० लाख टनांच्या आसपास, पण त्यांची लोकसंख्या लहान. त्यामुळे पाचातले चार भाग परदेशी जातात, तेही बहुतेक कच्च्या साखरेच्या रूपात. तिथले शेतकरी कुटुंबानंच शेती करतात, पण एकेकाचं शेत साधारण शंभर हेक्टरचं. १९७९ पासून तिथे सगळी तोडणी यंत्रानं होते.

पण त्याआधी? १८६३ ते १९०४ या काळात प्रशांत महासागरातल्या बेटांवरून सुमारे ६२ हजार माणसं या मळ्यांवर आणली गेली. काहींना फसवून, काहींना पळवून.

युरोप : उसाशिवाय साखर

युरोपात ऊस होत नाही. थंडी फार! तरीही युरोपियन युनियनमध्ये वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास साखर तयार होते. कशापासून? बीटापासून. आपल्या कोशिंबिरीतलं लाल बीट नव्हे, हे पांढरं, मुळ्याच्या जातभाईसारखं दिसणारं. १७४७ साली जर्मनीतल्या मारग्राफ या रसायनतज्ज्ञानं त्यातून साखर काढून दाखवली. १८०२ च्या सुमारास बीटाचा पहिला कारखाना निघाला. पुढे नेपोलियनचं इंग्लंडशी युद्ध जुंपलं, इंग्रजांच्या आरमारानं समुद्र अडवला आणि युरोपात उसाची साखर मिळेनाशी झाली. तेव्हा नेपोलियननं बीटाची लागवड वाढवण्याचा हुकूम काढला. गरज ही शोधाची आई म्हणतात, ते असं!

बीटाची कच्ची साखर कुणी तोंडात घालणार नाही. तिला उग्र वास असतो. म्हणून तिथे एकाच कारखान्यात बीट आत जातं आणि शुभ्र साखर बाहेर येते. उसाच्या शुभ्र साखरेत आणि बीटाच्या शुभ्र साखरेत चवीनं फरक सांगता येणार नाही. दाणा तोच!

मॉरिशस : आपली माणसं, परकी साखर

आता हिंदी महासागरातलं एक चिमुकलं बेट. मॉरिशस. इथे थोडं थांबू, कारण इथे आपल्या घरातली माणसं आहेत.

१८३४ साली इंग्रजांनी त्यांच्या वसाहतींमधली गुलामी कायद्यानं बंद केली. उसाचे मळे ओस पडायची वेळ आली. मग मळेवाल्यांनी भारताकडे नजर वळवली. करारावर अंगठा घ्यायचा, जहाजात बसवायचं आणि मळ्यावर नेऊन सोडायचं. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरातल्या घाटावर उतरले. त्यांतली काही जहाजं मुंबईहून निघाली होती. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडचे मराठी लोकही होते. त्या घाटाला आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात आणि २००६ साली तो जागतिक वारसा ठरला.

बेट ज्वालामुखीचं. जमिनीत काळे दगडच दगड. ते हातांनी वेचून मजुरांनी शेतं मोकळी केली. त्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग आजही उसाच्या शेतांत उभे आहेत. आज तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकवतात, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात!

पण साखरेचं काय? मॉरिशसनं अनेक वर्षं बहुतेक कच्ची साखरच इंग्लंडला पाठवली. पांढरी करण्याचं काम आणि त्यातला नफा इंग्लंडचा. युरोपातले देश पांढऱ्या साखरेवर जास्त जकात लावत आणि कच्चीवर कमी, म्हणजे वसाहतींनी शेवटची पायरी चढूच नये! पुढे देश स्वतंत्र झाल्यावर ठरलेल्या भावानं ठरावीक साखर घेण्याचा करार युरोपनं केला, पण तोही २००९ मध्ये संपला. आता हे बेट स्वतः पांढरी साखर करतं, शिवाय वासाची, चवीची खास तपकिरी साखर करतं. एकेकाळी तिथे दोनशेच्या वर कारखाने होते. आज उरलेत ते एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

जावा : फिरलेलं चाक

आणखी एक गंमत. शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या दुकानांत ‘जावा’ची साखर यायची. ऊस आपला, साखर हा शब्दसुद्धा आपल्या ‘शर्करा’वरून जगभर गेलेला, आणि पांढरी साखर मात्र जावा बेटावरच्या डच कारखान्यांची! १९३२ साली परदेशी साखरेवर जबर जकात बसली. तेव्हा देशात जेमतेम तीसेक कारखाने होते. चार-पाच वर्षांत ते शंभराच्या वर गेले. महाराष्ट्रात वालचंदनगर आणि माळीनगरचे कारखाने त्याच काळातले.

आणि आज? जावा ज्या इंडोनेशियात आहे, तो देश दरवर्षी लाखो टन कच्ची साखर बाहेरून विकत घेतो. भारताकडूनही घेतलेली आहे! २०२१-२२ च्या हंगामात भारतात ३५९ लाख टन साखर झाली. त्या वर्षी आपण ब्राझीललाही मागे टाकून जगात पहिले आलो. त्यातली सुमारे ११० लाख टन साखर परदेशी गेली आणि तिचा मोठा हिस्सा कच्च्या साखरेचा होता. एरवी थेट पांढरी साखर करणाऱ्या आपल्या कारखान्यांनी तेव्हा गंधकाचा धूर बंद ठेवून मुद्दाम तपकिरी साखर काढली. पुढच्या वर्षांत पाऊस कमी झाला. २०२३-२४ मध्ये सरकारनं निर्यात बंद ठेवली आणि जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांना परवानगी दिली.

आपल्याकडे : कोयता आणि दप्तर

आता घरी येऊ. २०२१-२२ मध्ये एकट्या महाराष्ट्रात १३७ लाख टन साखर झाली. थायलंडपेक्षाही जास्त!

ही साखर पिकवतो तो एकर-दोन एकरवाला शेतकरी. एकट्यानं कारखाना काढणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताच्या अहिल्यानगर) लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्यामागे उभे राहिले. १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कारखान्यात गळीत सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. ऊस पिकवणारेच कारखान्याचे मालक! साओ पाउलोमध्ये असं चित्र क्वचितच दिसेल. आज राज्यात सहकारी आणि खासगी मिळून दोनशेच्या आसपास कारखाने आहेत.

हेक्टरी ऊस काढण्यातही आपण कुणाला हार जात नाही. ब्राझीलइतकाच, सत्तर-ऐंशी टनांच्या आसपास आपलीही सरासरी आहे. मग फरक कुठे?

पहिला फरक पाण्यात. ब्राझीलचा बराच ऊस पावसावर येतो. आपल्याकडे पाऊस चार महिने आणि ऊस शेतात बारा ते अठरा महिने. बाकी पाणी धरणाचं नाहीतर विहिरीचं. आपल्या राज्यात एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी लागतं, असा हिशेब आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यावं लागलं होतं. त्याच लातूर जिल्ह्यात ऊस आणि साखर कारखानेही आहेत. ठिबक सिंचनानं पाणी बरंच वाचतं, आणि अनेक शेतकरी ते वापरू लागले आहेत.

दुसरा फरक हातांत. आपला बहुतेक ऊस अजून कोयत्यानं तुटतो. दिवाळी झाली, की बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून लाखो माणसं ट्रकमध्ये बसून निघतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. कारखान्याजवळ नाहीतर शेताच्या कडेला पालाची कोपी ठोकायची. पहाटे, अंधारातच कामाला लागायचं. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. या जोडप्याला मिळून तिथल्या भाषेत ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, नाव मात्र अवजाराचं!

आणि त्यांची मुलं? मुलांनो, हे तुमच्यासाठी. जून ते दिवाळी ती गावच्या शाळेत असतात. मग आईबाबांबरोबर निघतात. पाडव्याच्या सुमारास परततात, तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते. मधल्या पाच महिन्यांत कुणी धाकट्या भावंडाला सांभाळतं, कुणी उसाचे वाढे गोळा करतं, कुणी पाणी आणतं. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ ‘साखरशाळा’ निघाल्या. गावात आजी-आजोबांपाशी राहून शाळा सुटू नये, म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. जिथे या सोयी नीट चालल्या, तिथे मुलं टिकली. जिथे चालल्या नाहीत, तिथे दप्तर गावी आणि मूल फडात, असंच झालं.

मग यंत्रं आणली तर? ऊसतोडणीची यंत्रं आता आपल्याकडेही येऊ लागली आहेत आणि सरकार त्यासाठी अनुदानही देतं. पण आपली शेतं लहान, बांध जवळजवळ, तिथे मोठं यंत्र वळत नाही. आणि मघाशी ब्राझीलची जी गोष्ट लक्षात ठेवायला सांगितली होती, ती आठवा. यंत्र आलं, की कोयता सुटतो, हे चांगलंच. पण कोयता सुटल्यावर हाताला दुसरं काम हवं. ते मिळायला शिक्षण हवं. म्हणजे फिरून प्रश्न शाळेपाशीच येतो!

चौकट : तुमच्या घरचं साखरेचं गणित

वही-पेन्सिल घ्या. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण २० किलो साखर लागते (चहा, मिठाई, बिस्किटं, सरबतं सगळं धरून).

• चार माणसांचं घर : ४ × २० = ८० किलो साखर.
• शंभर किलो उसातून साधारण १० किलो साखर मिळते. म्हणून ऊस लागला ८०० किलो.
• एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. म्हणजे तुमच्या घरची वर्षाची साखर हे एका जोडप्याचं सुमारे अर्ध्या दिवसाचं काम.
• २०२४ साली ठरलेला तोडणीचा दर टनाला सुमारे ३६६ रुपये. म्हणजे तुमच्या वर्षाच्या साखरेमागे त्या दोघांना मिळून तीनशे रुपयांच्या आत.
• पाणी : ८० × २,००० = १,६०,००० लिटर. दहा हजार लिटरचे १६ टँकर!

करून पाहा : स्वयंपाकघरातला साखर कारखाना

एका वाटीत दोन चमचे साखर घ्या. तीवर काकवीचे सात-आठ थेंब टाका आणि ढवळा. झाली ना तपकिरी, चिकट? कच्ची साखर साधारण अशीच असते. आता ती चहाच्या गाळणीत घ्या आणि चमच्यानं थोडं थोडं गार पाणी शिंपडा. लेप धुऊन जाईल, दाणे पुन्हा उजळ होतील. पण थोडी साखरही विरघळून गेली, पाहिलंत? शुभ्रपणासाठी कारखान्यालाही थोडी साखर पुन्हा आटवावीच लागते. गाळणीखालचं गोड पाणी मात्र फेकू नका, सरबतात घाला!

रस संपला. स्टँडवरून बाहेर पडून आम्ही हमरस्त्याशी आलो. पनवेलवरून किती ट्रक न्हावा-शेवा बंदराकडे जातात, तुम्हाला ठाऊकच आहे. ताडपत्री घट्ट बांधलेला एक ट्रक पळस्प्याच्या बाजूनं आला. त्यात साखर होती की आणखी काही, कुणास ठाऊक. भाची बराच वेळ तिकडे बघत राहिली.

“मामा, ती मुलं परत कधी येतात म्हणालास?”

“पाडव्याच्या सुमारास.”

“म्हणजे आमची सहामाही झाल्यावर जातात आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतात.” तिनं बोटांवर महिने मोजले. “मधला सगळा अभ्यास बुडतो की! माझे गणिताचे निम्मे धडे त्याच वेळात होतात.”

घरी गेल्यावर तिनं चौकटीतलं गणित स्वतः करून पाहिलं. मग आईला विचारलं, “आपल्याकडे साखर खरंच किती लागते?” तुम्हीही विचारा. महिनाभर साखरेच्या डब्यावर लक्ष ठेवा, आकडा वहीत लिहा आणि वरचं गणित तुमच्या घराचं म्हणून मांडा. उत्तर वर्गात सांगा. आणि दिवाळीनंतर तुमच्या वर्गातला एखादा बाक रिकामा दिसला किंवा गावाजवळच्या शेताच्या कडेला कोपी दिसली, तर बाईंना, गुरुजींना जरूर विचारा, “ही मुलं शाळेत का येत नाहीत?”